स्मार्टबोर्डवर आई

माझ्या आईचा फोटो स्मार्टबोर्डवर लावला होता. भिंतभर. ज्या बोर्डवर मी आठवीच्या मुलांना समीकरणं शिकवायची, त्याच बोर्डवर. आई पांढऱ्या साडीत, हातात पेटलेली मेणबत्ती, ओठ घट्ट मिटलेले, कारण फोटो काढताना मी तिला हसवत होते आणि तिला हसायचं नव्हतं. मोबाइलवर तिची चप्पल मला कधी नीट दिसली नव्हती. इथे दिसली. तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली होती.

शनिवार होता. मुलं घरी गेली होती आणि आम्ही सगळे शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलो होतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यातली ही खासगी शाळा. तिचे संचालक म्हणजेच मालक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. घरी मराठी बोलणारा माणूस, पण मीटिंगमध्ये हिंदीच. सरांनी बोर्डाच्या पेननं आईच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला. मग फोटोखाली मी लिहिलेल्या ओळी मोठ्यानं वाचल्या. 'ही संत्री निवडते. तुम्ही सोलून खाता. चहा मात्र हिला डिस्पोजलमध्ये. जय भीम.'

डिस्पोजल म्हणजे एकदा पिऊन फेकून द्यायचा कागदी कप. आमच्याकडे सगळे त्याला डिस्पोजलच म्हणतात.

वाचून झाल्यावर सर माझ्याकडे वळले.

"ये महिला कौन है, मैडम?"

मी उभी राहिले. उभं राहा असं कोणी म्हटलं नव्हतं. लहानपणापासूनची सवय, मास्तरांनी विचारलं की उभं राहायचं.

"गाँव की है, सर," मी म्हटलं. "पहचान की."

पहचान की. हे वाक्य मी म्हटलं. कोणी मारलं नव्हतं, गळा धरला नव्हता. पुढे मी सरांबद्दल पुष्कळ वाईट लिहिणार आहे. पण आधी हे माझं. ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही.

मग सरांनी फोन मागितला. मी दिला. "खोलिए," ते म्हणाले, आणि फोन माझ्यापुढे धरला. मी अंगठा लावला. माझा आजा कागदावर अंगठा लावायचा, कारण त्याला कोणी शिकू दिलं नव्हतं. मी दोन पदव्या घेतल्या आणि तेच केलं.

सर माझा फोन चाळू लागले. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. दुकानात कापडाचा तागा उलगडून बघतात तसं त्यांचं बोट चाललं होतं. माझे फोटो, माझ्या मामेबहिणीचे मेसेज, डॉक्टरनं दिलेल्या चिठ्ठीचा फोटो, एक सेल्फी जी मी कोणालाच पाठवली नव्हती. त्या सेल्फीवर त्यांचं बोट जरा थांबलं. सतरा माणसं त्या खोलीत होती, त्यांतली बहुतेक बाकांवर कोरलेली नावं वाचत बसली.

मग त्यांना ती यादी सापडली. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकताना ते कोणाला दिसू नये हे आपण ठरवू शकतो. तशी माझी यादी होती. त्यात शाळेतल्या सगळ्यांची, पालकांचीसुद्धा नावं होती. सरांनी त्यातली शिक्षकांची एकेक करून वाचली. हजेरी घ्यावी तशी. ज्याचं नाव येई तो माझ्याकडे बघे.

"आप सबको इन्होंने छुपा के रखा है," सर म्हणाले. "आप साथ में टिफिन खाते हो, और ये आपसे छुपती है."

माझ्या शेजारी हिंदीच्या मॅडम बसल्या होत्या. शाळेतली माझी एकमेव मैत्रीण. त्या हळूच म्हणाल्या, "मुझे भी?"

मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

शेवटी सरांनी मला तो फोटो पुसायला लावला. स्वतः पुसला नाही. माझ्या हातानं. आधी गॅलरीतून, मग मामेबहिणीच्या चॅटमधून, मग पुसलेले फोटो जिथे महिनाभर पडून असतात त्या कचरापेटीतूनसुद्धा. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की का? मी हो म्हणत गेले.

---

ही लपवालपवी काय होती ते सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी काही चोरीचं काम करत होते.

मोहगावजवळच्या खेड्यातली मी. बौद्धांची वस्ती गावाच्या एका टोकाला. बाप मी दहावीत असताना गेला. आई तेव्हापासून आजवर बागेत जाते. तोडलेली संत्री आकारानं निवडायची, डागी बाजूला काढायची, क्रेट भरायचे. तिच्या बोटांना सालीचा वास कायमचा. बागेत सोबत दुसऱ्या समाजाच्या बायाही असतात. चहाची वेळ झाली की त्यांना मालकाच्या घरातले स्टीलचे ग्लास, आणि आई व आमच्या वस्तीतल्या दोघींना डिस्पोजल. कोणी काही बोलत नाही. ट्रेच तसा मांडून येतो. आई त्याची टिंगल करायची. "मले तं रोज नवा कप भेटते, त्यायले तेच ते जुने," असं म्हणून ती आम्हाला हसवायची. मीही हसायची. पुष्कळ वर्षं मला त्यात फक्त विनोदच दिसला.

सौंसरला कॉलेज केलं, बी.एड. केलं, पांढुर्ण्याला नोकरी लागली, तिथेच खोली घेतली. आमचं आडनाव असं आहे की ते दोन-तीन समाजांत सापडतं. घरमालकीणबाईनं पहिल्या दिवशी विचारलं, "तुमी कोन लोकं?" मी म्हटलं, शेतीवाले. ते खोटं नव्हतं. शेती दुसऱ्याची होती, इतकंच. शाळेतही कोणी सरळ विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसोबत एकाच किटलीतला चहा प्यायची आणि मनात म्हणायची, बघ, जमलं.

पण फोन एकच होता. आणि त्या फोनवर शाळेचा हक्क होता. आमच्या शाळेत शिक्षकांना स्टेटसची ड्युटी होती. रोज सकाळी शाळेचं बॅनर आपापल्या स्टेटसवर टाकायचं. प्रवेश सुरू, स्मार्ट क्लास, सीसीटीव्ही, असं काहीबाही. संध्याकाळी ते किती जणांनी पाहिलं त्याचा स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा. ज्याचे कमी भरले त्याला सर ग्रुपवरच टोचून बोलायचे. म्हणून आम्ही दिसेल त्याचा नंबर घ्यायचो. पालक, दूधवाला, किराणावाला, बसचा कंडक्टर. एकदा तर सरांच्या समाजाचं संमेलन होतं, त्याचंही बॅनर आम्हा सगळ्यांना टाकायला लावलं. मी टाकलं. त्या समाजाची मी नव्हे, पण त्या दिवशी माझ्याच स्टेटसला सगळ्यांत जास्त लोक आले आणि सरांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं.

तर एकाच फोनमध्ये माझी दोन घरं. एका घरात शाळेचं बॅनर, दुसऱ्या घरात आमची वस्ती, विहार, मामा-मावश्या, कॉलेजच्या मैत्रिणी. मधे भिंत म्हणून ती यादी. आपलं काही टाकायचं असलं की शाळावाले आणि पांढुर्ण्यातले बाकीचे वगळून टाकायचं. मी स्वतःला फार हुशार समजायची. नवा शिक्षक आला की आधी त्याचं नाव यादीत घालायची, मग त्याच्याशी ओळख करून घ्यायची.

एप्रिलच्या एक तारखेला शाळेनं प्रवेशासाठी नवा नंबर घेतला. सगळ्यांनी सेव्ह करा असा हुकूम निघाला. मी 'प्रवेश' म्हणून सेव्ह केला. तो माणसाचा नंबर नव्हता, काउंटरवरचा फोन होता. फोनला कोण यादीत घालतं? तेवढीच चूक. चौदा एप्रिलला गावी गेले, संध्याकाळी मिरवणुकीत आईचा फोटो काढला, आणि वस्तीतल्या लोकांना मेणबत्त्या धरून चालताना बघून मला काहीतरी आतून आलं. त्या तीन ओळी आणि जय भीम. 'माझी आई' असं लिहिलं नाही, कारण ज्यांच्यासाठी लिहिलं त्या सगळ्यांना ती कोण हे माहीत होतं. शाळावाले वगळले आणि टाकून दिलं. काउंटरवरच्या फोननं ते पाहिलं. काउंटर बंद झालं की तो फोन सरांच्याच टेबलावर असायचा, आणि स्टेटस निघून जायच्या आत त्यांनी स्क्रीनशॉट काढला.

त्या संध्याकाळी आईनं मला विचारलं होतं, "तुह्या शायेतल्या मॅडमायनं पाह्यला का माहा फोटो?" तिला वाटत होतं की पोरगी शिकवते त्या शाळेत आपला फोटो पोचावा. मी म्हटलं, हो पाहिला, छान आहे म्हणाल्या. आईनं पदर सारखा केला आणि शेजारणीला जाऊन सांगितलं. माझं ते खोटं चारच दिवसांत खरं झालं.

---

मीटिंगच्या शेवटी सरांनी एक छापील कागद वाटला. वर लिहिलं होतं, सहमति पत्र. सोशल मीडियावरची आपली सगळी खाती लिहून द्यायची. शाळेच्या नंबरापासून काही लपवायचं नाही. व्यवस्थापन मागेल तेव्हा फोन दाखवायचा. जात, धर्म, राजकारण यांवर काही टाकायचं नाही. सोमवारपर्यंत सही करून आणायची. मला एकटीला वरून आणखी एक काम होतं, माफीचं स्टेटस टाकायचं.

त्या संध्याकाळीच मी गावी निघाले. बसनं सौंसर, तिथून दुसऱ्या गाडीनं मोहगाव. वाटेत फोन पिशवीत होता, बाहेर काढावासा वाटला नाही. कोणी आपल्या कपड्यांच्या पेटीत हात घालून गेल्यावर ती पेटी उघडावीशी वाटत नाही, तसं झालं होतं.

आई ओट्यावर लसूण सोलत होती. मी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. कशासाठी सांगितलं ते माहीत नाही. बहुतेक तिनं सरांना शिव्या द्याव्यात आणि मला जवळ घ्यावं असं वाटत असेल.

"फोटो काढून टाकला?" तिनं विचारलं.

"हो."

"टाकला तं टाकला. फोटो दुसरा निघते." ती लसूण सोलत राहिली. "मी कोन हाये म्हून त्यानं इचारलं, तवा तू काय म्हनली?"

मी सांगितलं. पुन्हा एकदा ते शब्द तोंडातून काढावे लागले, आता मराठीत. गावातली. ओळखीची.

आईचा हात थांबला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सोललेली पाकळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बागेचा मालक मले डिस्पोजल देते. पन चार लोकायत तो माहं नाव घेते. ओळख देते. तुह्यानं तेवढंबी नाही झालं?"

मी रडायला लागले. नोकरी जाईल, खोली जाईल, दुसरीकडे कोणी घेणार नाही, असं काहीबाही सांगत राहिले. सगळं खरं होतं. आईनं ऐकून घेतलं. पाणी दिलं. पण त्यानंतर दीड दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढलं, ताट उचललं, पण नेहमीसारखं शेजारणीचं काही सांगितलं नाही, की बागेतली गंमत सांगितली नाही. एवढ्या लहान घरात ते सहन होत नव्हतं.

रविवारभर मी त्या कागदाकडे बघत होते. आणि एक गोष्ट हळूहळू समजत गेली. सरांनी माझा फोन उघडला म्हणून माझी आई परकी झाली नव्हती. ती मी आधीच केली होती. रोज थोडी थोडी. घरमालकीणबाईला शेतीवाले म्हटलं तेव्हा, स्टाफरूममध्ये कोणी आरक्षणावरून बोललं आणि मी डब्यात बघत राहिले तेव्हा, यादीत एकेक नाव घातलं तेव्हा. सरांनी फक्त शेवटचं वाक्य माझ्या तोंडून काढलं. ते काढायला त्यांना काही कष्ट पडले नाहीत, कारण मी भ्यालेली आहे हे त्यांना माझ्याच फोनमध्ये लिहिलेलं सापडलं होतं.

निघताना आईनं विचारलं, "सही करशील?"

"समजून नाही राहिलं," मी म्हटलं.

"तुही मर्जी हाये. पोट तुलेबी हाये, मलेबी हाये. पन मंग माह्या नावानं रडत येऊ नोको."

---

सोमवारी मी सरळ सरांच्या खोलीत गेले. तिथे सर होते आणि ऑफिसचे बाबू होते. मी ठरवून मराठीत बोलले.

"शनिवारी तुम्ही विचारलं होतं, ही बाई कोण. ती माझी आई आहे. मी खोटं बोलले होते."

मला वाटलं होतं सर चिडतील. ते हसले. आणि पहिल्यांदाच शाळेत माझ्याशी मराठीत बोलले. म्हणाले, अहो मॅडम, मग तेव्हाच सांगायचं ना. आपल्या शाळेत आपण जातपात मानतच नाही. तुम्ही चांगल्या शिकवता, पालक खूश आहेत. आईंना एकदा घेऊन या, शाळा दाखवू. फक्त या कागदावर सही करा आणि दोन ओळींचं माफीचं स्टेटस टाका. चोवीस तासांत आपोआप निघून जाते. विषय संपला.

खोटं कशाला बोलू, त्या गोड बोलण्यानं मी जरा सैल पडले. खुर्ची होती, पेन होतं. चोवीस तासांचाच प्रश्न होता. मी विचारलं, माफी कशाची मागायची. ते म्हणाले, पालकांची मनं दुखावली. मी विचारलं, कोणत्या पालकांची. पालकांना तर ते दिसलंच नव्हतं, ते सगळे यादीत होते. दिसलं ते फक्त तुमच्या टेबलावरच्या फोनला. सरांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला.

मग मी विचारलं, तुमच्या समाजाच्या संमेलनाचं बॅनर आम्ही टाकलं ते या कागदातल्या कोणत्या नियमात बसतं. आणि माझा फोन तुम्ही बघणार, तर तुमचा आम्ही कधी बघायचा?

बाबूंनी मान खाली घातली. सरांची मराठी तिथेच संपली.

"देखिए मैडम, यहाँ सब स्कूलवाले एक ही ग्रुप में हैं," ते शांतपणे म्हणाले. "पांढुर्णा, सौंसर, लोधीखेड़ा. एक स्क्रीनशॉट डालने की देर है. फिर ट्यूशन भी नहीं मिलेगी."

ही धमकी पोकळ नव्हती, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी एक विचित्र गोष्ट झाली. भीती होती, पण ती आता साधी भीती होती. उपाशी राहण्याची, खोली सोडण्याची. कोणाला कळेल याची जी भीती नऊ महिने छातीवर बसली होती ती गेली होती. कळलं होतं सगळ्यांना. आता आणखी काय कळणार.

मी पेन घेतलं. सहीच्या जागी सही केली नाही. कागदावर आडवं लिहिलं, मी माझा फोन कोणाला तपासायला देणार नाही. माफी मागणार नाही. स्टेटसवर जे लिहिलं ते खरं आहे आणि फोटोतली बाई माझी आई आहे. खाली तारीख घातली, नाव लिहिलं. मग त्याच फोननं त्या कागदाचा फोटो काढला आणि कागद सरांसमोर ठेवला.

बाबूंनी हात पुढे केला. म्हणाले, शाळेचे ग्रुप डिलीट करायचे आहेत, फोन द्या. मी दिला नाही. त्यांच्यासमोर उभी राहून एकेका ग्रुपमधून मीच बाहेर पडले. सहा ग्रुप होते. अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं, ते मिळालं नाही. आठवीचा वर्ग चालू होता, तिथे जाऊन मुलांना सांगायचं होतं, पण गेटवरच्या भाऊंना आधीच निरोप गेला होता. ते मला नजर न देता म्हणाले, मॅडम, बाहेर. मुलांची समीकरणं अर्धवट राहिली त्याचं मला आजही वाईट वाटतं.

---

त्या आठवड्यात घरमालकीणबाईनं खोली सोडायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणे, पुतण्या राहायला येऊन राहिला. पुतण्या अजून आलेला नाही.

मी गावी आले. आईनं काही विचारलं नाही. माझ्या सामानातली गादी तिनं स्वतः उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली तेव्हा चहाचा ट्रे आला आणि तिनं डिस्पोजल परत ठेवला. म्हणाली, गिलासात देसान तं पेतो. त्यांनी दिला नाही. तेव्हापासून आईनं बागेतला चहा सोडला. बाग सोडली नाही. ती सोडणं आम्हाला परवडणारं नाही, आणि तिचं म्हणणं असं की काम आपण करतो, तर आपण का जायचं.

सरांनी शब्द पाळला. स्क्रीनशॉट फिरला. लोधीखेड्याच्या एका शाळेत मुलाखतीला गेले तर शिपाईसुद्धा म्हणाला, अच्छा, स्टेटसवाल्या मॅडम. आत बोलावलंच नाही. सौंसरच्या एका क्लासवाल्यांनी फोनवर हो म्हटलं आणि संध्याकाळी नाही म्हटलं. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, लोकांच्या तक्रारी ऐकायची, तिथे अर्ज दिला. आडव्या लिहिलेल्या कागदाचा फोटो जोडला, सहमति पत्राचा नमुना जोडला. पोच मिळाली आहे. पुढचं अजून काही नाही. दर मंगळवारी जाऊन विचारते.

हिंदीच्या मॅडमनी त्या कागदावर सही केली होती. त्यांच्यावर माझा राग नाही. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. सरांनी सगळ्यांचे फोन पाहिले होते, नियमाप्रमाणे. त्यांच्या फोनमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. घरच्यांनाही अजून सांगितलं नव्हतं त्यांनी. आठवडाभरात त्यांचे वर्ग नव्या मॅडमकडे गेले आणि त्यांना सांगितलं की पुढच्या सत्रात बघू. त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "तुमने मुझे छुपाया था, उसका बुरा लगा था. अब समझ में आया." मी म्हटलं, तुम्हाला लपवलं ते चुकलंच होतं माझं. तुमच्यावर विश्वास ठेवून बघायला हवा होता. मी त्यांना अर्ज द्यायला चला म्हटलं. त्या म्हणाल्या, विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

माझी ती यादी मी काढून टाकली. आईचा नवा फोटो काढला, बागेतला, क्रेट भरतानाचा. तो लावला आणि खाली लिहिलं, माझी आई. आता ज्याच्याकडे माझा नंबर आहे त्याला तो दिसतो.

मागच्या आठवड्यात सौंसरला आणखी एका शाळेत मुलाखत झाली. मुख्याध्यापक मॅडम सभ्य होत्या. पाणी दिलं. माझे कागद नीट पाहिले, गणिताचे दोन प्रश्न विचारले, फळ्यावर शिकवून दाखवायला सांगितलं. खूश झाल्या. मग विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, आई आहे, संत्री निवडायला जाते. आम्ही बौद्ध आहोत. हे दुसरं त्यांनी विचारलं नव्हतं. त्या माझे कागद जुळवत हसून म्हणाल्या, अच्छा है. मग हात पुढे केला. "ज़रा फोन दिखा दीजिए. फेसबुक, इंस्टा, बस फॉर्मेलिटी है."

मी म्हटलं, फोन देणार नाही.

"क्यों? छुपाने जैसा कुछ है?"

वर्षापूर्वी या प्रश्नाला मी मेले असते. तेव्हा माझ्याकडे सगळंच लपवण्यासारखं होतं आणि फोन मात्र मी हातोहात देऊन टाकला होता. आता उलटं झालं आहे. मी कोण, माझी आई कोण, तिला चहा कशात मिळतो, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन, विचारलं नाही तरी सांगेन. पण माझी मामेबहीण मला काय लिहिते, डॉक्टरनं काय लिहून दिलं, मी कोणता फोटो कोणालाच पाठवला नाही, हे बघायला कोणाचा बाप आला तरी मिळणार नाही. सांगणं माझ्या मर्जीचं आहे. न सांगणंही माझ्याच मर्जीचं आहे.

हे सगळं मी त्या मॅडमना इतकं नीट सांगू शकले नाही. मी माझे कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि उठले. एवढंच म्हटलं, "मॅडम, मी नोकरी मागायला आले आहे. झडती द्यायला नाही."

त्यांनी मला घेतलं नाही. पुढच्या सोमवारी मोहगावला एक मुलाखत आहे. तिथेही मी हेच म्हणणार आहे.